चिमटा लावला होता का?

३ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर गेले. बूथमध्ये नाही — बूथला कुलूप आहे. भिंत अजून काळी. मला वरच्या मजल्यावर बसवलं, जुन्या स्टोअररूममध्ये. तिथले खोके हलवून संगणक मांडलेत. आता ते प्रशिक्षण केंद्र!

दवाखान्यातल्या समुपदेशक बाई म्हणाल्या होत्या, रोज चार ओळी लिहा. काय वाटलं ते लिहा. मी विचारलं, काहीच वाटलं नाही तर? त्या म्हणाल्या, मग काय झालं ते लिहा.

तर काय झालं ते. आमच्या कारखान्यात लोखंडी कपाटांना रंग देतात. ओला रंग नाही — पावडर. बंदुकीतून पावडर उडते, बंदूक तिला वीज चढवते, पावडर पत्र्याला चिकटते. मग दार भट्टीत जातं, रंग पक्का होतो. बूथमध्ये, म्हणजे रंग मारायच्या खोलीत, आम्ही दोघी होतो. मी आणि धाकटी. धाकटी म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची लहान बहीण. घरात सगळे तिला धाकटीच म्हणतात, मीपण. कपाटाचं दार टांगलेलं होतं. मी मागून मारत होते, ती पुढून. भडका उडाला. माझा डावा हात भाजला. तिचे दोन्ही हात, गळा, हनुवटी. ती अजून दवाखान्यात. मी इथे.

चार ओळींपेक्षा जास्त झालं.

४ फेब्रुवारी, बुधवार

चेंडू गोलात गेला नाही. दिवसभर.

५ फेब्रुवारी, गुरुवार

काल एकच ओळ लिहिली. कुणी वाचलं तर म्हणेल, बाई फुटबॉल खेळायला लागली.

गेम असा. संगणकाच्या पडद्यावर एक चेंडू, त्याच्यावर अधिकचं चिन्ह. पलीकडे गोल. मधे भिंती. चेंडूला हात लावायचा नाही. खालच्या डब्यातून लाल आणि निळे ठिपके उचलायचे आणि मैदानात हवे तिथे ठेवायचे. लाल म्हणजे अधिक, निळा म्हणजे वजा. मग 'सुरू' दाबायचं. लाल चेंडूला ढकलतो, निळा ओढतो. चेंडू आपला आपण निघतो — आणि भिंतीवर आपटतो, नाहीतर मैदानाबाहेर.

शिकवणाऱ्या बाई लहान आहेत, पंचविशीच्या असतील. भराभर बोलतात. भडक्यानंतर कंपनीने त्यांना आणलंय. बंदूक धरणाऱ्या प्रत्येकीला चार्ज म्हणजे काय ते कळलं पाहिजे म्हणे. एवढी वर्षं बंदूक मारली, कुणी सांगितलं नव्हतं. पावडर चिकटते एवढं माहीत होतं. का चिकटते, ते विचारायचं सुचलंच नाही.

गोलाच्या मागे निळा ठेवला. चेंडू भिंतीवर आपटला. दोन निळे ठेवले. जोरात आपटला!

"चुकू द्या हो," बाई म्हणाल्या. "इथे काही जळत नाही."

आणि मग त्यांचं तोंडच उतरलं. माझ्या पट्टीकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, असू दे. मला खरंच काही वाटलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली पातळी पार. शेजारच्या संगणकावर लांबडी बसते — दुसऱ्या पाळीतली, उंच आहे म्हणून लांबडी. तिने टाळ्या वाजवल्या. "वहिनी, जिंकलीस की!" धाकटी मला वहिनी म्हणते म्हणून सगळा कारखानाच म्हणतो.

आज कळलेलं — ठिपका दुप्पट लांब नेला की जोर निम्मा होत नाही, पाव होतो. लांब गेलं की पटकन सुटतं माणूस. म्हणजे चेंडू.

७ फेब्रुवारी, शनिवार

बाईंनी आज एक बटण दाखवलं. ते दाबलं की सगळं मैदान बाणांनी भरतं. बारीक बारीक बाण. लाल ठिपक्यापासून बाहेर, निळ्याकडे आत. ठिपका हलवला की सगळे एकदम वळतात. वाऱ्याने गवत वळावं तसे.

मग त्यांनी चेंडू उचलून बाजूला ठेवला. बाण होते तिथेच.

"बघा. ढकलायला कुणी नाही, तरी ढकलणं आहेच. याला क्षेत्र म्हणतात. चेंडू आला की त्याला कळतं. नाही आला तरी ते असतंच."

मी बराच वेळ ते रिकामं मैदान बघत बसले. चहा आला आणि गार झाला.

घरात पाऊल टाकलं की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जातात. मी बाहेर आले की त्या आत. बोलत काहीच नाहीत. भडक्यापासून मला एक शब्द नाही. धाकटीला या कामावर मीच नेलं होतं. त्या ते म्हणत नाहीत. म्हणायची गरज नसते.

८ फेब्रुवारी, रविवार

दवाखान्यात गेलो. नवरा आत गेला. मी बाहेरच्या बाकावर बसले. तो आला, म्हणाला, "विचारत होती तुला. येतेस?" मी म्हटलं, पुढच्या वेळी. परत येताना गाडीत गाणी लागली होती, ती त्याने बंद केली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. पाणी मागवलं. तेव्हाच मनात म्हटलं, काहीतरी आहे.

सरकारी निरीक्षक येणार आहेत चौकशीला. त्या वेळी बूथमध्ये दोघीच होतो, म्हणून माझा जबाब महत्त्वाचा.

"तू एवढंच सांगायचं — अर्थिंगचा चिमटा लावायचा राहिला. धाकटीकडून राहिला. पुढून तीच मारत होती ना? चिमटा तिनेच लावायचा होता."

मी म्हटलं, लावला होता का नव्हता, मी बघितलं नाही.

"भडक्यानंतर चिमटा जमिनीवर सापडला."

मी म्हटलं, सगळंच जमिनीवर सापडलं होतं. मीपण.

मग समजुतीच्या सुरात — "हे बघ, कामगाराची चूक निघाली तर एक ताकीद मिळते आणि विषय संपतो. कंपनीची निघाली तर कारखान्याला टाळं. मग तुम्ही सगळ्या कुठे जाणार? आणि धाकटीचा दवाखाना आज आपणच बघतोय. टाळं लागलं तर कोण बघणार? मी वाईट माणूस नाही गं."

वाईट नाहीत ते. पहिल्या दिवशी स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं त्यांनीच. सीटला धाकटीची कातडी लागली होती, पण एक शब्दही बोलले नाहीत.

मी म्हटलं, बघते.

चिमटा म्हणजे — दार ज्या स्टँडवर टांगतात, त्याला तारेचा एक चिमटा लावायचा. तार जमिनीत जाते. दारावर साठलेली वीज त्या वाटेने निघून जाते; साठून राहिली तर ठिणगी पडते आणि उडती पावडर पेटते. एवढं आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत. चिमटा, मग बंदूक. चिमटा, मग बंदूक. धाकटी तर ते गाण्यासारखं म्हणायची.

११ फेब्रुवारी, बुधवार

लावला होता का?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. घास हातातच राहिला.

"मग सांगून टाक ना. दोन शब्दांचा प्रश्न आहे. तिला काय फासावर चढवतायत? बरी होऊन घरी आली म्हणजे झालं."

"आणि तिने लावला असेल तर?"

"तुला माहितीये?"

"नाही."

"मग झालं तर!"

तो दिवसभर लोकांची खोकी गाडीतून पोचवत फिरतो. घरी येतो तेव्हा पाठ धरलेली असते. त्याला सगळं पोचवून मोकळं व्हायचं असतं. मी समजू शकते. सासूबाई ओट्यापाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. भांडं घासत होत्या — तेच ते भांडं.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज आत गेले.

दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, उशांवर ठेवलेले. जणू दुसऱ्या कुणाचे आणून ठेवलेत. गळ्यालाही पट्टी. डोळे तेवढे तिचे. मला बघून म्हणाली, "काय गं, रस्ता चुकलीस का?"

आवाज घोगरा. पण तीच.

मी स्टूल ओढून बसले. काय बोलावं सुचेना. ती म्हणाली, "नर्स मला भरवते. लहानपणी आईने एवढे लाड केले नव्हते." मी हसले. चेहरा हसला, बाकी काही हललं नाही. तिने ते ओळखलं. ती ओळखतेच.

मग नवरा औषधं आणायला गेल्यावर हळूच म्हणाली, "वहिनी, एक विचारू? मी चिमटा लावला होता का?"

माझ्या पोटात काहीतरी व्हायला हवं होतं. झालं नाही.

"मला आठवतच नाही," ती म्हणाली. "रोज आठवून बघते. दार टांगलं ते आठवतं. तू पलीकडून काहीतरी म्हणालीस, मी हसले, ते आठवतं. मधलं कोरं आहे. माझ्यामुळेच झालं असणार. तुझापण हात माझ्यामुळे. म्हणून तू येत नव्हतीस ना?"

मी म्हटलं, वेडी आहेस का!

पण का आले नव्हते, ते मलाही सांगता आलं नाही. मला वाटत होतं, सगळ्यांना वाटतंय की माझ्यामुळे. तिला वाटत होतं तिच्यामुळे. एकाच घरातल्या दोघी, आणि दोन आठवडे दोघी आपापल्या कोपऱ्यात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज गेमचा दुसरा भाग. चेंडू नाही, गोल नाही. एक धातूचा गोळा हवेत टांगलेला. बाजूला नळी, ती गोळ्यावर वजा ठिपके सोडत राहते. गोळ्याला एक तार, ती जमिनीत. तार जोडलेली असली की ठिपके गोळ्यावर येतात आणि तारेतून खाली पळून जातात. तार काढली की गोळ्यावरच साठत जातात. निळा, आणखी निळा, गच्च. बाजूला एक पितळी बोट आहे. ते जवळ नेलं की — फट्! ठिणगी.

पहिल्यांदा ठिणगी पडली तेव्हा लांबडी खुर्चीतून उठली आणि बाहेर गेली. मी बसून राहिले. पुन्हा केलं. पुन्हा. मला बघायचं होतं. काही वाटत नव्हतं म्हणूनच बघता येत होतं बहुतेक.

खालच्या डब्यात आणखी वस्तू होत्या. लाकूड, रबर, काच, प्लास्टिक. कुठेही ठेवून बघा, असं लिहिलेलं. मी तार जोडली. मग तार आणि गोळा यांच्या मधे प्लास्टिकचा एक पातळ तुकडा सरकवला. सहज. काय होतं बघू म्हणून.

तार जोडलेलीच होती. दिसत होती जोडलेली. तरी ठिपके साठायला लागले.

मी बोट जवळ नेलं. फट्!

बाईंना हाक मारली. विचारलं, तार असून असं का? त्या म्हणाल्या, "प्लास्टिकमधून चार्ज जात नाही ना. तार नुसती शोभेला. वाट बंद."

मी विचारलं, आमची पावडर कशाची असते?

त्या भराभर उत्तर द्यायला लागल्या आणि मधेच थांबल्या. "एक प्रकारचं प्लास्टिकच असतं," म्हणाल्या. आणि मग, "का?"

१८ फेब्रुवारी, बुधवार

बाईंना खाली घेऊन गेले. भट्टीच्या मागे हुकांचा ढीग असतो. स्टँडला हुक, हुकाला दार. चिमटा लावतात स्टँडला. म्हणजे वीज दारातून हुकात, हुकातून स्टँडमध्ये, स्टँडमधून तारेत — अशी जायला हवी.

दारावर पावडर मारताना हुकावरही बसते. दाराबरोबर तोही भट्टीत जातो, रंग पक्का होतो. पुन्हा वापरतात, पुन्हा थर. एक हुक मोडलेला होता, त्याची मोडलेली कड बघितली. आत लोखंड काडीएवढं. बाहेर पांढरा, करडा, निळा, पुन्हा पांढरा, हिरवा — जितकी कपाटं गेली तितके रंग. बोटाएवढा जाड झालेला. आम्ही हसायचो त्या हुकांना. जाडोबा म्हणायचो.

बाईंनी मीटरच्या दोन तारा लावल्या. एक हुकाच्या या टोकाला, एक त्या. काटा हलला नाही. दुसरा हुक. नाही. बऱ्याच हुकांना लावून बघितल्या.

त्या उकिडव्या बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "हे बघा, चिमटा लावला होता की नव्हता, ते यावरून कळणार नाही. पण लावलेला असता तरी हेच झालं असतं. एवढं मी छातीठोक सांगते."

मी हुकाला हात लावला, डाव्या. थंड आहे की गरम ते कळलं नाही. बोटं अजून बधिर आहेत.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मॅनेजर साहेबांना बाईंनी सांगितलं, माझ्यासमोर. त्यांनी ऐकून घेतलं. कपाळ चोळलं. म्हणाले, "हुक वर्षानुवर्षं असेच आहेत. आजवर काही झालं नाही." मग, "जाळून साफ करायला वेगळी भट्टी लागते, वेगळा माणूस लागतो. वरून मंजुरी लागते." आम्ही दोघी उठलो.

जिन्यात बाई म्हणाल्या, "माझी नेमणूक महिन्याअखेर संपतेय. पण निरीक्षकांनी विचारलं तर मी सांगेन." एवढीशी पोर.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज सासूबाई आमच्याबरोबर आल्या. गाडीत मागे बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट.

बाईंनी गेम माझ्या फोनवर घालून दिलाय. धाकटीसमोर फोन धरला. ती सांगणार, मी ठिपके ठेवणार. तिचे हात नाहीत, माझा एकच.

"लाल तिथे ठेव. नाही नाही — अजून मागे. आता निळा गोलापाशी. सोड!"

चेंडू भिंतीला वळसा घालून थेट गोलात. पहिल्याच फटक्यात! मला तीन दिवस लागले होते. "तू रंगकाम करून वाया गेलीस," मी म्हटलं. "तू वहिनी होऊन," ती म्हणाली.

मग तिला नियम सांगितला. सारखे असले की ढकलतात, वेगळे असले की ओढतात. ती लगेच — "म्हणजे सासू-सून दोघी अधिक!" आणि आईकडे बघून डोळे मिचकावले. सासूबाई खिडकीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यावरून कळलं की त्या हसल्या.

मग मी गोळा दाखवला. तार. ठिणगी. ठिणगीला तिने डोळे मिटले, पण म्हणाली, दाखव, पुन्हा दाखव. मग प्लास्टिकचा तुकडा. मग हुकांचं सांगितलं. जाडोबांचं.

ती पडद्याकडे बघत राहिली.

"म्हणजे चिमटा लावलेला असता तरी?"

"तरी."

"आणि नसता लावला, तर?"

"तरीही हेच. म्हणजे तुझ्यावर काहीच नव्हतं. कधीच नव्हतं."

तिने मान भिंतीकडे वळवली. हात उचलता येत नाहीत, डोळे कसे पुसणार? मी पदराचं टोक पुढे केलं, पण सासूबाई आधी पोचल्या. त्यांनी पुसले. मग त्यांनी — मी लिहून ठेवते, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही — माझ्या डाव्या हाताची पट्टी सैल झाली होती ती नीट केली. म्हणाल्या, "घरी आल्यावर मी बदलून देईन. तुला एका हाताने जमत नसेल."

एवढंच. पण शब्द होते.

निघताना धाकटीने नाना प्रश्न विचारले. हुक साफ कसे करतात? किती वेळ लागतो? आता लांबडीच्या पाळीत कोणते हुक वापरतायत? मी म्हटलं, दुसऱ्या बूथमध्ये तेच जुने. ती म्हणाली, "अस्सं."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

नवरा म्हणाला, "खरं बोलायचं तर बोल. पण दवाखाना थांबला तर आईला तोंड कसं दाखवू, ते मला सांग." ओरडून नाही म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्याचं चूक नाही. माझंही नाही. दोन्ही बाजूंनी सारखा जोर असला की चेंडू हलत नाही. मधे थांबतो. बाई म्हणतात, बल नाही असं नसतं, बेरीज शून्य असते.

सासूबाई पट्टी बदलताना एकदाच बोलल्या. "माझी पोर निष्काळजी नाही." माझ्याकडे बघितलं नाही. गाठ मारली, आणि कात्री जागेवर ठेवली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

आज दोन्ही वाक्यं हळूच म्हणून बघितली. चिमटा राहिला होता. चिमट्याने काही झालं नसतं. दोन्ही म्हणताना तोंड सारखंच हललं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

निरीक्षक आले. वयस्कर, सर्दी झालेले. सारखा रुमाल. मला वाटलं होतं दरारा असेल.

मी सांगितलं. चिमटा मी बघितला नाही, लावला होता की नाही मला माहीत नाही. पण हुकांतून वीज जात नाही, आम्ही मोजून बघितलंय. बाई शेजारीच होत्या, त्यांनी मीटरचं सांगितलं. मॅनेजर साहेब खिडकीबाहेर बघत होते. निरीक्षकांनी सगळं टिपून घेतलं. एक हुक मागवला, उलटासुलटा केला, "बाप रे," म्हणाले आणि शिंकले.

मग म्हणाले, "उद्या दवाखान्यात जाऊन तुमच्या नणंदेचा जबाब घेतो. मग अहवाल."

झालं. एवढ्यासाठी इतके दिवस पोटात गोळा. म्हणजे असायला हवा होता. नव्हता. बाहेर आले, उन्हात उभी राहिले. हलकं वाटलं नाही, जड वाटलं नाही. काही वाटलं नाही. लांबडीने पाण्याची बाटली दिली, ती प्यायले.

घरी सांगितलं. सासूबाईंनी ताटात वाढताना माझ्या पानात आधी वाढलं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बाईंचा शेवटचा दिवस. सगळ्यांशी हात मिळवून गेल्या. मी विचारलं, गेम फोनवर राहील ना? "राहील की. कायमचा." संगणक पुन्हा खोक्यांत भरले.

धाकटीचा जबाब झाला, एवढं नवऱ्याने फोनवर सांगितलं. काय दिला, ते तिने त्याला सांगितलं नाही. दमली आहे, झोपते म्हणाली.

१ मार्च, रविवार

दवाखान्यातून फोन — तिला थोडा ताप आहे, आज भेटायला येऊ नका. उद्या या. काळजीचं नाही म्हणे. सासूबाई दिवसभर दारापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या.

२ मार्च, सोमवार

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय.

सकाळी कामावर पोचले तर भट्टीमागचा ढीग गायब. नवे हुक. उघडं, चकचकीत लोखंड. लांबडी आणि दोघीतिघी ते हातात घेऊन बघत होत्या. जुने जाळायला वेगळी भट्टी येतेय, त्यावर वेगळा माणूस. मी म्हटलं, मंजुरी मिळाली? सुपरवायझर म्हणाला, "तुला माहीत नाही? गुरुवारीच धाकटीने साहेबांना दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. म्हणाली, आधी नवे हुक मागवा, मला कागद दाखवा, मग मी म्हणेन चिमटा राहिला. माझ्याकडून राहिला. शनिवारी निरीक्षकांना तसंच सांगितलं तिने. तू काय बोललीस ते तिला माहीत होतं की नाही, देव जाणे. हुक बदलले म्हणून त्यांची नुसती नोंद, आणि अहवालात चूक म्हणून तिचं नाव गेलं. कारखाना चालू!"

तिला सगळं कळलं होतं. मीच समजावलं होतं, ठिपका ठिपका दाखवून. तिची चूक नव्हती हे कळल्यावर तिने ती घेतली!

राग आला. डोक्यात, हातात, पायात — इतका राग की कानात आवाज यायला लागला. साहेबांचा, नवऱ्याचा, तिचा. तिचा सगळ्यात जास्त. हजेरी लावली नाही. बाहेर पडले आणि आली ती बस पकडली.

दवाखान्यात चाललेय. तिच्याशी भांडायला.